कोरा फोटो, पक्का रंग
कापडाच्या फोटोसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

कापडाचा धंदा आता समोरच्या मालावर कमी आणि फोटोवर जास्त चालतो. पूर्वी नागपूरची किंवा हैदराबादची पार्टी गादीवर येऊन बसत असे. ताका उलगडून पाहत असे, कापड बोटांत चुरगाळून, दारापर्यंत उजेडात नेऊन रंग पारखत असे आणि मग भावाची गोष्ट निघत असे. आज तीच पार्टी मोबाईलवर फोटो मागते. फोटो पसंत पडला तर ऑर्डर, नाही तर पुढच्या दुकानाचा फोटो पाहायला तिला क्षणभर पुरतो. किरकोळ गिऱ्हाईक तर घरबसल्या साडी मागवते आणि पार्सल उघडल्यावर रंग वेगळा निघाला की माल परत पाठवते.

परत आलेल्या मालाचा हिशोब आमच्या व्यापारी बंधूंना सांगायला नको. जाण्याचे भाडे, येण्याचे भाडे, मोडलेली घडी, खराब झालेले पॅकिंग आणि तेवढे दिवस अडकलेली रक्कम. मोठा व्यापारी हे सोसून जातो. पण चार मागांवर घरचीच माणसे राबवून साडी काढणाऱ्या कारागिराचा एका साडीवरचा नफा एका परतीत बुडतो. मालात काही खोट नसते. विणकर खरा, रंगारी खरा, सूतही खरे. खोटा ठरतो तो फोटो. म्हणून फोटो कसा धुवावा आणि कोणत्या सॉफ्टवेअरवर धुवावा, हा प्रश्न आता केवळ फोटोग्राफरचा राहिलेला नाही. तो आपल्या वहीखात्याचा प्रश्न झाला आहे.

कोरा माल आणि रंगवलेला माल

चांगल्या कॅमेऱ्यात फोटो दोन प्रकारे साठवता येतो. एक जेपेग आणि दुसरा रॉ. हा फरक आमच्या वाचकांना धंद्याच्या भाषेत चटकन समजेल. रॉ म्हणजे मागावरून उतरलेले कोरे कापड, ज्याला बाजारात आपण ग्रे म्हणतो. जेपेग म्हणजे प्रोसेस हाऊसमधून रंगून, खळ लागून, घडी होऊन आलेला माल. कोऱ्या कापडाला हवा तो रंग देता येतो. एकदा गडद रंगलेल्या कापडाचा रंग बदलायचा म्हटले तर काय हाल होतात, ते रंगाऱ्याला विचारावे.

कॅमेऱ्याच्या आत जो सेन्सर असतो, त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकेक बारीक काच बसवलेली असते. चारांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. ही मांडणी कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांची असून तिचे पेटंट १९७६ साली मिळाले. जॅकार्डच्या नक्षा-कागदावर जसे चौकोन भरलेले असतात तसेच हे समजावे. प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून हिशोबाने भरावे लागतात. जेपेगमध्ये हा हिशोब कॅमेरा स्वतः करतो, आपल्या मर्जीने रंग चढवतो आणि उरलेला कच्चा माल फेकून देतो. रॉमध्ये कच्चा माल जसाच्या तसा आपल्या हाती येतो आणि हिशोब आपण निवडलेले सॉफ्टवेअर करते.

मालाच्या जाडीतही मोठा फरक आहे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १२ बिटच्या रॉमध्ये ४,०९६ आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. गडद अंजिरी पदरावरचा काळा बुट्टा उजळ करायचा असेल तर जेपेगमध्ये तिथे डाग पडतात, रॉमध्ये विणीचे धागे निघून येतात. शिवाय ट्यूबलाइटचा हिरवटपणा किंवा बल्बचा पिवळेपणा रॉमधून काढताना रंगाचे नुकसान होत नाही, कारण कोऱ्या मालावर अजून कोणताच रंग पक्का झालेला नसतो.

आमच्या पाच कसोट्या

बाजारात रॉ फोटो धुणारी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत. लग्नाचे फोटो काढणारा त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो, जंगलात पक्षी टिपणारा वेगळ्या. कापडवाल्याने त्यांना पाच कसोट्या लावाव्यात, असे आम्हाला वाटते. पहिली, रंग मालाशी जुळतो का? दुसरी, एकाच लॉटचे शंभर-दोनशे फोटो एका फटक्यात सारखे करता येतात का? तिसरी, बारीक वीण आणि जर नीट दिसते का? चौथी, पैसे किती आणि कसे द्यायचे? पाचवी, उद्या कंपनीने धोरण बदलले तर आपले काम आपल्या हातात राहील का?

या कसोट्या लावण्यासाठी आम्ही आमच्याच मालातले काही नमुने घेतले. फिरोजी साडी, राणी रंगाचा दुपट्टा, टिनोपॉल मारलेले पांढरे कापड, काळे शर्टिंग, जरीचा काठ आणि धूपछाव कापड. खिडकीच्या एकाच उजेडात, शेजारी करडे कार्ड ठेवून, एकाच कॅमेऱ्याने रॉ फोटो काढले आणि तेच फोटो वेगवेगळ्या सॉफ्टवेअरवर उघडून माल हातात धरून पाहिले.

कॅमेऱ्यासोबत मिळणारी सॉफ्टवेअर

बहुतेकांना हे माहीतच नसते की कॅमेरा कंपनी आपले सॉफ्टवेअर विनामूल्य देते. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचे एनएक्स स्टुडिओ (हे २०२१ साली आले), सोनीचे इमेजिंग एज डेस्कटॉप. यांचा गुण असा की कॅमेऱ्याच्या पडद्यावर जो रंग दिसला, जवळजवळ तोच रंग इथे उघडतो. दोष असा की प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्याच घरचे फोटो उघडते. कॅनन आणि सोनी असे दोन कॅमेरे वापरणाऱ्याला दोन दुकाने मांडावी लागतात. हत्यारेही मोजकीच आहेत आणि काम संथ चालते. महिन्याला थोडेच फोटो काढणाऱ्या दुकानदाराने मात्र इथूनच सुरुवात करावी. पदरचा एक रुपयाही जात नाही.

लाइटरूम

अॅडोब कंपनीने रॉ फोटोसाठी कॅमेरा रॉ २००३ साली काढले आणि लाइटरूम २००७ साली. बाजारात सर्वांत जास्त चलती याचीच आहे. त्याचे कारण दुसऱ्या कसोटीत सापडते. एका साडीचा फोटो नीट जुळवला की तीच मांडणी त्याच उजेडात काढलेल्या सगळ्या लॉटवर क्षणात चढवता येते. चोवीस रंगांच्या चौकटींचे कलरचेकर कार्ड जवळ असेल तर आपल्या कॅमेऱ्याचा रंगनकाशा बनवून यात बसवता येतो. बारीक चौकडीच्या शर्टिंगवर फोटोत जे इंद्रधनुषी पट्टे उमटतात, ते पुसण्याचा ब्रश यात आहे. २०२३ साली आलेल्या पॉइंट कलर या सोयीने बाकीच्या रंगांना धक्का न लावता एकच शेड हलवता येते. शिकवणारे व्हिडिओ हिंदी-उर्दूत भरपूर आहेत. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला हा मोठाच आधार आहे.

अडचण चौथ्या आणि पाचव्या कसोटीची. एकदा पैसे देऊन कायमचे घेता येणारे शेवटचे लाइटरूम २०१५ सालचे. २०१७ नंतर सगळा कारभार वर्गणीवर गेला. वर्गणी थांबवली की जुने फोटो पाहता येतात, पण रंग जुळवण्याचा मुख्य विभाग बंद होतो. भाड्याच्या गाळ्यात आणि मालकीच्या गाळ्यात जो फरक, तोच इथे आहे. धंदा जोरात असेल तर भाडे जड जात नाही. मंदीच्या महिन्यात मात्र तेच डोळ्यांत येते.

कॅप्चर वन

हे डेन्मार्कचे. मोठ्या स्टुडिओंसाठी महागडे कॅमेरे बनवणाऱ्या फेज वन कंपनीत याचा जन्म झाला. कॅमेरा तारेने कॉम्प्युटरला जोडून फोटो काढता काढताच मोठ्या पडद्यावर पाहायचा, हे काम यात फार उत्तम होते. कॅटलॉग काढणाऱ्यांना हीच गोष्ट हवी असते. घडी चुकली, काठ वाकडा पडला, जर चमकून पांढरी झाली, तर तिथेच कळते आणि साडी उचलण्याआधी फोटो पुन्हा काढता येतो. एखादाच रंग पकडून बदलण्याची याची हत्यारेही बारीक कामाची आहेत. हे वर्गणीवरही मिळते आणि एकरकमी परवान्यावरही, पण अॅडोबच्या फोटो योजनेपेक्षा महाग पडते. ठरावीक कॅमेऱ्यांसाठी याची एक छोटी आवृत्ती फुकट मिळत असे. ती जानेवारी २०२४ मध्ये बंद झाली. ज्याचा रोजचा धंदाच कॅटलॉगचा आहे, त्यानेच याचा विचार करावा.

डीएक्सओ फोटोलॅब

ही फ्रान्सची कंपनी. प्रत्येक लेन्स प्रयोगशाळेत मोजून तिचे दोष आपोआप दूर करणे ही यांची खासियत. साडीचा सरळ काठ फोटोच्या कडेला वाकलेला दिसतो, तो इथे आपोआप सरळ होतो. कमी उजेडात काढलेल्या फोटोवरचा दाणा साफ करणारी त्यांची डीपप्राइम पद्धत २०२० साली आली आणि ती खरोखर नावाजण्यासारखी आहे. परवाना एकरकमी मिळतो. नवी आवृत्ती हवी असेल तेव्हाच पुढचे पैसे. ज्यांना अंधाऱ्या गाळ्यात दिवे लावायला जागा नाही, त्यांच्या उपयोगाचे. अर्थात उजेडाची सोय करणे त्याहून स्वस्त पडते, हेही लक्षात ठेवावे.

विनामूल्य आणि कायदेशीर : डार्कटेबल आणि रॉ थेरपी

फुकट म्हटले की आपल्या मनात संशय येतो. पण ही दोन सॉफ्टवेअर जगभरच्या जाणकारांनी मिळून बनवली आहेत आणि कायद्यानेच सर्वांसाठी खुली आहेत. अमेरिकेतल्या डेव्ह कॉफिन नावाच्या प्रोग्रामरने १९९७ मध्ये डीसीरॉ हा छोटासा प्रोग्राम लिहायला घेतला आणि जवळजवळ सगळ्या कॅमेऱ्यांची रॉ फाइल उघडून दाखवली. पुढची कितीतरी सॉफ्टवेअर त्याच्या पायावर उभी राहिली. रॉ थेरपी हंगेरीच्या गाबोर होर्वात यांनी २००४ साली सुरू केले आणि २०१० मध्ये सर्वांसाठी खुले केले. डार्कटेबल २००९ पासून आहे आणि डिसेंबर २०१७ पासून विंडोजवरही चालते.

बारीक विणीच्या कसोटीत रॉ थेरपीने आमची दाद घेतली. कच्च्या ठिपक्यांचा हिशोब करण्याच्या अनेक पद्धती यात आहेत आणि कापड पाहून आपण पद्धत निवडू शकतो. शर्टिंगच्या चौकडीवर एक पद्धत पट्टे पाडते तर दुसरी साफ उतरते. डार्कटेबलमध्ये फोटोंची नोंदवही आहे, एकाची मांडणी शंभरांवर चढवता येते, आणि फोटोतल्या कलरचेकर कार्डावरून रंग जुळवण्याची सोयही आहे. म्हणजे दुसऱ्या कसोटीतही ते मागे नाही.

यांची किंमत वेळेत मोजावी लागते. डार्कटेबल उघडल्यावर हत्यारांची रांग पाहून नवा माणूस गोंधळतो आणि फोटोही सुरुवातीला फिका वाटतो. घरात शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल आणि एखादा महिना मन लावून शिकेल, तर पुढे वर्गणी नाही, परवाना नाही, कोणाची मेहेरबानी नाही. लहान कारखानदाराला आमची पहिली शिफारस हीच.

रंगाची परीक्षा कशी उतरली?

कोणतेही बटण न दाबता तोच फोटो उघडला तर प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये रंग वेगळा दिसला. एकाच शेडनंबरवर चार प्रोसेस हाऊसनी चार शेड द्याव्यात तसे. पण करड्या कार्डावरून रंगसंतुलन साधल्याबरोबर सगळी एकमेकांच्या जवळ आली. काळे शर्टिंग आणि धूपछाव सोडून उरलेल्या मालात किरकोळ फरक उरला. यातून आमचा निष्कर्ष असा की महाग सॉफ्टवेअरपेक्षा स्वस्त करडे कार्ड रंगाला जास्त उपकारक आहे.

फिरोजीची अडचण सर्वांकडे आली. मोबाईल आणि वेबसाइटवर फोटो ज्या रंगमर्यादेत दाखवले जातात, तिला एसआरजीबी म्हणतात. ती १९९६ साली ठरली. झगझगीत फिरोजी आणि काही मोरपंखी छटा या मर्यादेच्या बाहेर पडतात. कोणतेही सॉफ्टवेअर त्या पूर्णपणे दाखवू शकत नाही. तिथे फोटोखाली शेडनंबर आणि चार शब्द लिहिणे हाच इलाज. राणी रंगात उलटा प्रकार घडतो. लाल भाग भरून वाहतो आणि वीण नाहीशी होते. रॉमध्ये उजेड थोडा खाली आणला की वीण परत दिसते, जेपेगमध्ये ती गेलेलीच असते. टिनोपॉलच्या पांढऱ्या कापडावरून रंगसंतुलन कधीही साधू नये. ते स्वतःच निळसर चमकते आणि बाकी सगळे रंग पिवळे पाडते. काही काळी सिंथेटिक कापडे कॅमेऱ्याला मरून दिसतात, कारण डोळ्याला न दिसणारे किरणही सेन्सरपर्यंत पोहोचतात. ती शेड हातानेच दुरुस्त करावी लागते. आणि धूपछाव कापडाला एक फोटो पुरतच नाही. दोन बाजूंनी दोन फोटो द्यावेत.

कोणी काय घ्यावे?

महिन्याला पन्नासपर्यंत फोटो असतील तर कॅमेऱ्यासोबतचे सॉफ्टवेअर पुरे. स्वतः माल बनवणाऱ्या, वेळ देऊ शकणाऱ्या कारागिराने डार्कटेबल किंवा रॉ थेरपी घ्यावे. रोज नवे लॉट लावणाऱ्या आणि पगारी माणूस ठेवलेल्या दुकानाला लाइटरूमची वर्गणी परवडते, कारण माणसाचा वाचलेला वेळ वर्गणीपेक्षा मोठा असतो. कॅटलॉग स्टुडिओने कॅप्चर वन, आणि कमी उजेडाची कायमची अडचण असलेल्याने डीएक्सओ पाहावे. बहुतेक कंपन्या काही दिवस विनामूल्य वापरून पाहू देतात. आपल्याच मालावर पारखल्याशिवाय पैसे टाकू नयेत. ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे त्यांनी कॅमेऱ्याच्या प्रो विभागात रॉची सोय आहे का ते पाहावे. ती डीएनजी फाइल स्नॅपसीड या विनामूल्य अॅपमध्ये उघडते.

अॅपल कंपनीचे अॅपर्चर नावाचे चांगले सॉफ्टवेअर होते. २००५ साली आले आणि २०१४ मध्ये कंपनीने ते बंद करण्याचे जाहीर केले. त्यावर वर्षानुवर्षे काम केलेल्यांना बिऱ्हाड हलवावे लागले, कारण एका सॉफ्टवेअरमधले फेरफार दुसऱ्यात जसेच्या तसे जात नाहीत. म्हणून मूळ रॉ फाइल नेहमी वेगळ्या डिस्कवर जपावी आणि तयार फोटोची पूर्ण आकाराची एक प्रत सोबत ठेवावी. कोरा माल आपल्या गोदामात असला तर प्रोसेस हाऊस बदलता येते.

चोरीचा माल नको

बाजारात ‘क्रॅक’ केलेले लाइटरूम पेनड्राइव्हवर मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे. आम्ही त्याला चोरीचा मालच म्हणतो. तसला माल गोदामात ठेवणारा व्यापारी रात्री निश्चिंत झोपत नाही. अशा प्रोग्रामांतून व्हायरस येतो आणि त्याच कॉम्प्युटरवर आपली जीएसटीची खाती आणि बँकेचा कारभार असतो. चांगली, कायदेशीर सॉफ्टवेअर विनामूल्य मिळत असताना ही जोखीम घेण्याला काही सबब उरत नाही.

फोटोतला ऐब आणि मालातला ऐब

शेवटी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आम्हाला जरूर वाटते. ही सॉफ्टवेअर जशी रंग खरा करतात, तशी खोटाही करू शकतात. तुटलेला धागा, रंगाचा पट्टा, काठातली गाठ, सगळे एका बोटाने पुसता येते. उजेडाने बिघडवलेला रंग परत जागेवर आणणे म्हणजे फोटोतला ऐब काढणे, ते आपले काम आहे. मालातला ऐब फोटोतून पुसणे म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणे. गादीवर बसून आपण ताक्याचा डाग दाखवून भाव कमी करत होतो. फोटोतही तेच करावे, डागाचा वेगळा फोटो द्यावा आणि भाव तसा लावावा. ‘सेकंड’चा माल ‘सेकंड’ म्हणूनही विकला जातो. फसवून विकलेला ‘फर्स्ट’ परत येतो आणि सोबत पेढीचे नाव घेऊन जातो.

कामाची रीत अशी ठेवावी. खिडकीचा उजेड आणि ट्यूब कधी एकत्र करू नयेत, दोन जातींच्या उजेडावर कोणत्याही सॉफ्टवेअरकडे पुरता इलाज नाही. प्रत्येक लॉटच्या पहिल्या फोटोत करडे कार्ड ठेवावे. माल शेजारी ठेवून रंग जुळवावा, आठवणीवर भरवसा ठेवू नये. तयार फोटो एसआरजीबीतच काढावा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाही तर फोटो दाबला जातो आणि जरीची वीण विरते. आणि पार्टीला पाठवण्यापूर्वी तोच फोटो एखाद्या साध्या, स्वस्त मोबाईलवर एकदा पाहावा. आपले बहुतेक गिऱ्हाईक तो तसल्याच पडद्यावर पाहणार आहे.